झाकलेली पाने

संकेतस्थळाचे एखादे पान उघडले, की पुष्कळदा त्याच्या माथ्यावर चार-पाच शब्द एका ओळीत शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. विक्रीच्या वस्तूचे पान असेल, तर 'वर्णन', 'किंमत', 'ग्राहकांचे अभिप्राय'. शाळेचे असेल, तर 'प्रवेश', 'शुल्क', 'वेळापत्रक'. त्यांतील एका शब्दावर बोट टेकवावे, की खालचा मजकूर पालटतो. पान मात्र तेच राहते. निवडलेला शब्द उजळतो, आधीचा फिका पडतो. या शब्दांना 'टॅब' म्हणतात. आपल्यापैकी कित्येकांचे बोट दिवसातून अनेकदा अशा टॅबवर पडत असेल; परंतु हा पालट घडतो कसा आणि जो मजकूर त्या क्षणी दिसत नाही तो जातो कोठे, हा प्रश्न क्वचितच मनात येतो. आज त्याचाच थोडा मागोवा घेऊ.

विषय संगणकाचा असला तरी तो केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. महाराष्ट्राबाहेरील आपली मंडळे, ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था यांची संकेतस्थळे आता बहुधा घरचीच तरुण मुले-मुली हौसेने तयार करून देतात. त्यांत कोणता मजकूर समोर ठेवावयाचा आणि कोणता टॅबाखाली झाकावयाचा, हे ठरविण्याचे काम मात्र वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांकडे येते. ज्याने हे ठरवावयाचे, त्याला 'झाकणे' म्हणजे नेमके काय हे ठाऊक असलेले बरे.

शब्दाचे माहेर

टॅब हा शब्द संगणकाने घडविलेला नाही. त्याचे माहेर ग्रंथालयात आहे. पुस्तकांची तालिका कार्डांवर लिहून ती कार्डे लाकडी खणांत उभी लावून ठेवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा शेकडो कार्डांच्या गर्दीत हवे ते अक्षर झटकन सापडावे कसे, ही अडचण उभी राहिली. अमेरिकेत लायब्ररी ब्युरो या संस्थेत काम करणाऱ्या जेम्स न्यूटन गन यांनी त्यावर साधा तोडगा काढला. काही कार्डांच्या माथ्यावर एक लहानसा कान पुढे काढावयाचा आणि त्यावर अक्षर किंवा विषय लिहावयाचा. या युक्तीचे एकस्व त्यांना १८९७ मध्ये मिळाले. तो कान म्हणजेच टॅब.

आपणा बडोदेकरांना हे खण अनोळखी नाहीत. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले. १९१३ पर्यंतच्या आपल्या वास्तव्यात त्यांनी संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविली, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला आणि कार्डांच्या तालिकेची पद्धत येथे रुजविली. ज्या वाचकांनी पूर्वी असा खण ओढून, कान असलेल्या कार्डाशी बोट थांबवून पुस्तकाचा क्रमांक उतरवून घेतला असेल, त्यांना संगणकावरचा टॅब समजावयास फारसा वेळ लागू नये.

दोहोंत एक मोठा फरक मात्र आहे. खणातील कार्डांना जाडी असते. कोणत्या कानामागे किती कार्डे आहेत याचा अंदाज डोळ्याला आणि हाताला आपोआप येतो. पडद्यावरच्या टॅबामागे काय आहे, किती आहे, मुळात काही आहे की नाही, याची खूण दिसत नाही. पुढे ज्या अडचणी सांगावयाच्या आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ येथे आहे.

विंगेत उभी असलेली पात्रे

आता पालट घडतो कसा ते पाहू. समजा, एका मंडळाच्या पानावर चार विभाग आहेत: कार्यक्रम, ग्रंथालय, विद्यार्थी-साहाय्य आणि संपर्क. पाहणाऱ्याला वाटते, की टॅबवर बोट टेकवले म्हणजे नवा मजकूर कोठून तरी मागविला जातो. काही पानांत तसे होतेही. परंतु साध्या रीतीत चारही विभाग पान उघडतानाच आपल्या यंत्रात येऊन पोहोचलेले असतात. नाटकाची सगळी पात्रे रंगरंगोटी करून विंगेत सज्ज असावीत आणि रंगमंचावर मात्र एकाच वेळी एकच पात्र यावे, तसा हा प्रकार आहे. कोणी कधी पुढे यावयाचे आणि कोणी आत जावयाचे, एवढेच सांगणारा एक व्यवस्थापक लागतो.

पानाची घडण तीन थरांची असते. मजकूर आणि त्याची मांडणी एचटीएमएल या खुणांच्या भाषेत, रंगरूप सीएसएसमध्ये आणि हालचाल जावास्क्रिप्ट या भाषेत. आपला व्यवस्थापक या तिसऱ्या थरातला. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तयार केली. पुढे निरनिराळ्या कंपन्यांचे ब्राउझर, म्हणजे पाने दाखविणारे कार्यक्रम, तिचा अर्थ आपापल्या परीने लावू लागले. एकात जे चाले ते दुसऱ्यात अडे. साधा विभाग झाकावयाचा, तरी दोन-तीन तऱ्हेने लिहून ठेवण्याची पाळी येई.

या जाचातून सुटका करणारी साधनपेटी म्हणजे जेक्वेरी. जॉन रेसिग या तरुणाने ती जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क येथील एका मेळाव्यात जाहीर केली; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. ब्राउझरांचे आपापसातले मतभेद तिने आपल्या पोटात घेतले आणि लिहिणाराला थोडक्या, सारख्या आज्ञा दिल्या. डॉलरचे चिन्ह लिहावे, त्यापुढे कंसात कोणता भाग हवा त्याची खूण द्यावी, मग एक टिंब देऊन काय करावयाचे ते सांगावे: 'हाइड' म्हणजे झाक, 'शो' म्हणजे दाखव. त्या खुणेचे दहा भाग पानावर असतील, तर दहांनाही आज्ञा एकदमच लागू होते.

आपल्या चार विभागांसाठी करावयाचे ते इतकेच. प्रत्येक विभागाला एक स्वतंत्र नाव, म्हणजे 'आयडी', द्यावयाचे. माथ्यावरच्या ओळीतील प्रत्येक शब्द हा एक दुवा करावयाचा आणि त्या दुव्यात त्या त्या विभागाचे नाव, आधी हॅशचे चिन्ह घालून, लिहावयाचे. पान तयार झाले, की पहिला सोडून बाकीचे विभाग झाकावयाचे. मग कोणत्याही टॅबवर बोट पडले, की चार गोष्टी क्रमाने करावयाच्या. पहिली, दुव्याची मूळ सवय थांबवावयाची, कारण एरवी पान उडी मारून खाली सरकते. या आज्ञेचे नाव 'प्रिव्हेंटडिफॉल्ट'. दुसरी, आधीच्या टॅबवरची 'चालू' अशी खूण काढून ती नव्या टॅबला द्यावयाची. यासाठी 'रिमूव्हक्लास' आणि 'अ‍ॅडक्लास' या आज्ञा आहेत. तिसरी, सर्व विभाग झाकावयाचे. चौथी, बोट पडलेल्या दुव्यात ज्याचे नाव लिहिले आहे तो एकच विभाग दाखवावयाचा. सरावलेला मुलगा हे सारे आठ-दहा ओळींत लिहून मोकळा होतो.

जेक्वेरीच आजही हवी का, असे घरातील एखादा विद्यार्थी विचारील आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. तिने ज्या सोयी दिल्या त्यांपैकी बऱ्याचशा आता ब्राउझरांत मुळातच आल्या आहेत. ज्याच्या तऱ्हा सांभाळण्यात लिहिणारांचे आयुष्य खर्ची पडले, तो इंटरनेट एक्स्प्लोअररही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. बूटस्ट्रॅप या लोकप्रिय साधनसंचाने २०२१ मधील आपल्या पाचव्या आवृत्तीत जेक्वेरीचा आधार सोडला. तरीही वर्डप्रेससारख्या व्यवस्थेबरोबर ती आजही येते आणि असंख्य पाने तिच्यावर चालतात. आपल्या पानात ती आधीच असेल, तर तिचा उपयोग जरूर करावा. नसेल, तर केवळ चार टॅबांसाठी सुमारे तीस किलोबाइटांची पेटी प्रत्येक वाचकाच्या यंत्रात उतरविण्याचे कारण नाही. कोणत्याही साधनाने केले, तरी टॅबचे गुणदोष बदलत नाहीत.

झाकलेले हरवते केव्हा

पहिला प्रसंग. विद्यार्थी-साहाय्याचा अर्ज करण्याची शेवटची तारीख मंडळाने तिसऱ्या टॅबाखाली लिहिली आहे. कोणी आजोबा नातवाला म्हणतात, "अरे, ते मंडळाचे पान छापून आण, फलकावर लावू." नातू छापून आणतो. कागदावर कार्यक्रमांची यादी तेवढी उमटते, कारण जो विभाग झाकलेला, तो छपाईतही झाकलेलाच राहतो. तारीख छापलीच गेली नाही, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही आणि एखाद्या गरजू मुलीचा अर्ज राहून जातो. यावर उपाय सोपा आहे. छपाईसाठी सीएसएसमध्ये वेगळे नियम लिहिता येतात. त्यांत 'छापताना सर्व विभाग दाखवावेत' अशी एक ओळ घातली की काम भागते. ती ओळ घातली गेली आहे की नाही, हे तपासण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही. पान एकदा छापून पाहिले की पुरे.

दुसरा प्रसंग. पानात एखादा शब्द शोधण्याची सोय ब्राउझरात असते. झाकलेल्या विभागातील शब्द या शोधात सामान्यतः सापडत नाही. 'शिष्यवृत्ती' हा शब्द पानात असूनही 'नाही' असे उत्तर मिळते, आणि वाचक त्यावर विश्वास ठेवून निघून जातो.

तिसरा प्रसंग पत्त्याचा. इंदूरच्या बहिणीने बडोद्याच्या भावाला दुवा धाडला, "ग्रंथालयाचा भाग वाच." भावाने उघडले, तर समोर कार्यक्रमांची यादी. टॅब बदलला तरी पानाचा पत्ता न बदलल्यामुळे असे होते. पत्त्याच्या शेवटी विभागाचे नाव जोडण्याची आणि पान उघडताना ते नाव वाचून योग्य तो विभाग दाखविण्याची तजवीज करता येते. तीही दोन-चार ओळींची. तसे केले, तर 'मागे जा' या खुणेचेही वर्तन नीट ठेवता येते. एरवी एक टॅब मागे जावे म्हणून बोट टेकवावे आणि संकेतस्थळातूनच बाहेर पडावे, असा अनुभव येतो.

चौथा प्रसंग आडवाटेच्या गावातील मंद जोडणीचा. मजकूर आला, पण जेक्वेरीची पेटी वाटेतच अडकली. व्यवस्थापकच आला नाही, तर विंगेतल्या पात्रांनी काय करावे? विभाग झाकण्याचे काम सीएसएसकडे दिलेले असेल, तर ते झाकलेलेच राहतात आणि टॅबवर कितीही बोटे आपटली तरी उघडत नाहीत. म्हणून जाणते लोक झाकण्याचे काम दाखविणाऱ्याकडेच देतात. व्यवस्थापक आला, तर तो झाकील आणि तोच उघडील. न आला, तर चारही विभाग एकाखाली एक उघडे दिसतील. पान जरा लांबलचक दिसेल, पण कोणाचे काही बुडणार नाही.

ज्यांना टॅब दिसत नाही

आतापर्यंत आपण बोट आणि डोळा गृहीत धरला. परंतु आपल्या वाचकांत दृष्टिहीन आहेत, हात थरथरणारे वृद्ध आहेत, केवळ कळफलकावर काम करणारेही आहेत. दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे कार्यक्रम असतात. त्यांतील एनव्हीडीए हा विनामूल्य कार्यक्रम ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये, म्हणजे जेक्वेरीच्याच वर्षी, सुरू झाला. अशा वाचकाला वरच्या ओळीतील शब्द म्हणजे टॅब आहेत, एकूण चार आहेत, त्यांतला दुसरा चालू आहे, हे कोणीतरी सांगावे लागते. डोळसाला जे रंगावरून कळते, ते यंत्राला लिहूनच द्यावे लागते.

त्यासाठी एआरआयए नावाचे संकेत ठरलेले आहेत. वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्यांना मार्च २०१४ मध्ये मान्यता दिली. ओळीला 'टॅबलिस्ट', शब्दाला 'टॅब' आणि विभागाला 'टॅबपॅनेल' अशी भूमिका नेमून द्यावयाची आणि कोणता टॅब निवडलेला आहे तेही लिहावयाचे. टॅब पालटला, की जेक्वेरीने रंगाबरोबर हा संकेतही पालटावयाचा. शिवाय कळफलकावरील डाव्या-उजव्या बाणांनी एका टॅबवरून दुसऱ्यावर जाता आले पाहिजे. ही कामे करणारी तयार टॅब-रचना जेक्वेरी यूआय या संचात मिळते. हाताने लिहिलेल्या आठ-दहा ओळींत मात्र नेमका एवढाच भाग गळलेला असतो, कारण लिहिणाराच्या पडद्यावर सारे ठीक दिसत असते. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने माहिती सर्वांना सुगम असावी असा दंडक घातला आहे. परंतु मंडळाचे पान आपल्याच घरातील एखाद्या काकूंना वाचता यावे, यासाठी कायद्याची आठवण कशाला हवी?

टॅब कोठे असावेत

एवढे वाचून टॅब मुळीच नकोत असे कोणी समजू नये. ज्या गोष्टी समान दर्जाच्या आहेत, ज्यांपैकी वाचकाला एका वेळी एकच हवी असते आणि ज्यांची नावे एका-दोन शब्दांत नेमकी सांगता येतात, तेथे टॅब फार उपयोगी पडतात. सोमवार ते शनिवारचे वेळापत्रक घ्या किंवा गणेशोत्सवातील दिवसागणिक कार्यक्रम घ्या. एका खाली एक पसरण्यापेक्षा ते टॅबांत सुबक बसतात.

जे शेजारी ठेवून ताडून पाहावयाचे असते, तेथे मात्र टॅब त्रासाचे होतात. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना हे लगेच पटेल. मिसळणाच्या डब्याचे झाकण काढले, की हळद, तिखट, मोहरी, जिरे सारे एकाच नजरेत येते आणि हात न चुकता पडतो. तेच जिन्नस एकावर एक रचलेल्या डब्यांत ठेवले, तर दर चिमटीला उतरंड उतरवावी लागेल. दोन शाळांचे शुल्क किंवा दोन सहलींचा खर्च दोन टॅबांत ठेवणे म्हणजे अशी उतरंड रचणे होय. एकामागून एक वाचावयाच्या सूचनाही टॅबांत तोडू नयेत. तिसरी पायरी उघडीपर्यंत दुसरी विसरते.

संख्येचेही भान हवे. अ‍ॅमेझॉन कंपनीच्या पानावर १९९८ च्या सुमारास मोजकेच टॅब होते. दुकानात विभाग वाढत गेले तसे टॅबही वाढले आणि २००० पर्यंत त्यांच्या दोन ओळी झाल्या. पुढे कंपनीला ती पद्धतच मोडावी लागली. दूरध्वनीच्या अरुंद पडद्यावर तर चार-पाच शब्दही मावत नाहीत. शेवटचे दोन कडेबाहेर राहतात आणि ते आहेत हेच वाचकाला समजत नाही.

पहिला मान कोणाचा

टॅबांत पहिला जो असतो, तोच पान उघडताच दिसतो. बाकीच्यांना कोणीतरी बोलवावे लागते. म्हणून पहिला टॅब कोणता हा प्रश्न सजावटीचा नाही. ज्या मंडळाच्या पानावर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे पहिल्या टॅबात आणि विद्यार्थी-साहाय्य चौथ्यात असेल, त्या मंडळाने नकळत एक निर्णय घेतलेला आहे. वाचक कशासाठी येतो ते पाहावे आणि ते पहिल्याने ठेवावे. तारीख, मुदत, निकडीचा दूरध्वनी या गोष्टी तर कोणत्याही टॅबाखाली न ठेवता ओळीच्या वर उघड्या लिहाव्यात.

याच अंगाने आपल्या भाषेचाही विचार केला पाहिजे. महाराष्ट्राबाहेरच्या संस्थांच्या पानांवर 'इंग्रजी' आणि 'मराठी' असे दोन टॅब करावेत ही कल्पना सहज सुचते. हेतू चांगला असतो. परंतु इंग्रजी आधी उघडते आणि मराठी मजकूर विंगेत उभा राहतो. आपली मुले शाळेत गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी वाचतात. समोर इंग्रजी मिळाले, की ती तेवढ्यावर थांबतात. मराठी आत आहे हे त्यांना ठाऊक असले तरी तिला हाक मारण्याचे कारण उरत नाही. शिवाय अशा मराठीला स्वतःचा पत्ता नसतो. तो मजकूर कोणाला धाडता येत नाही आणि शोधयंत्रांनाही एकाच पत्त्यावर दोन भाषा मिळाल्या, की कोणत्या वाचकाला काय दाखवावे हे नीट उमगत नाही.

म्हणून भाषेसाठी टॅब करू नयेत. मराठीला तिचे स्वतंत्र पान, स्वतंत्र पत्ता द्यावा आणि दोन्ही पानांवर परस्परांचे दुवे ठेवावेत. त्या पानाच्या आरंभी, मजकूर मराठी आहे, हे सांगणारी दोन अक्षरांची भाषाखूण घालावयास विसरू नये. ती नसली, तर वाचून दाखविणारा कार्यक्रम आपली मराठी हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या उच्चारांत वाचण्याचा संभव असतो. ऐकून वाचणाऱ्या आजींना ती परकी वाटावी, हे काही बरे नव्हे.

वाचकांपैकी ज्यांच्या संस्थेचे संकेतस्थळ असेल, त्यांनी या महिन्यात एक लहानसे काम करावे. आपले पान दूरध्वनीवर उघडावे, एकदा कागदावर छापावे, एकदा उंदराला हात न लावता केवळ कळफलकाने फिरून पाहावे आणि घरातील सर्वांत वडील व्यक्तीला त्यातील एखादी तारीख शोधावयास सांगावी. अर्ध्या तासात पानाची सारी दुखणी समजतील. ती दुरुस्त करण्यास घरातील तरुण मुलांना फार तर एक संध्याकाळ लागेल. त्यांना बसवून घ्यावे आणि सोबत चहा करून द्यावा.